चौदा भोकांची पट्टी

आदरणीय व्याहीबुवा तथा हेडसर,

सविनय नमस्कार. आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत आणि तुम्हीही तसेच असाल असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. एरवी तुमच्या तब्येतीची चौकशी मी सविस्तर केली असती, पण तुमचं उत्तर मला पाठ आहे. उत्तम. आपली कन्या (म्हणजे आमची सूनबाई) दर रविवारी तुम्हाला फोन करते, फोन ठेवते, मी तिच्याकडे नुसतं पाहतो आणि ती सांगते, "बाबा म्हणाले, उत्तम." डॉक्टरांनी लिहून दिलेली ती रक्ताची तपासणी केलीत का, यावरही तुमचं उत्तर ठरलेलं आहे: पुढच्या आठवड्यात. हा पुढचा आठवडा गेले तीन महिने पुढेच आहे. पण आयुष्यभर वेळापत्रकं आखलेल्या माणसाला आम्ही काय वार शिकवणार! तेव्हा तो विषय तूर्त बाजूला ठेवतो (सोडला असं मात्र समजू नका) आणि आनंदाच्या बातमीकडे वळतो.

मी परीक्षा पास झालो. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, इंग्रजी शब्दांची. हे वाक्य तुम्ही लाल पेन खाली ठेवून पुन्हा एकदा वाचावं अशी विनंती आहे. कारण आपली पहिली भेट झाली तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं की आपण नेमकं काय करता, मी म्हटलं, चामड्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतो, त्यावर तुम्ही अगदी आपुलकीने विचारलंत, "अच्छा, आणि मुख्य काम?" (मी विसरलेलो नाही. राग वगैरे काही नाही. फक्त विसरलेलो नाही.)

झालं असं की आमच्या कारखान्यात नवे व्यवस्थापक आले. माणूस चांगला आहे, पण नवा आहे, आणि नव्या माणसाला काहीतरी बदलल्याशिवाय जेवण जात नाही. त्यांनी फतवा काढला की प्रत्येक कारागिराकडे आपापल्या कामाचा दाखला हवा. दाखला देणार एक संस्था, ती घेणार तोंडी परीक्षा, आणि परीक्षेत कामाचे शब्द इंग्रजी. का, तर आमचा माल परदेशात जातो, आणि तिथल्या गिऱ्हाइकाला म्हणे कमरेला पट्टा बांधण्याआधी त्याला भोक पाडणाऱ्याचं इंग्रजी कसं आहे याची काळजी असते. ज्याच्याकडे दाखला नसेल त्याने एक तारखेपासून आपल्या बाकावरून उठायचं आणि पॅकिंगला बसायचं. पॅकिंग म्हणजे दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावणं. हेडसर, मी छत्तीस वर्षं एकाच बाकावर, एकाच खिडकीखाली बसतो. बाकाच्या लाकडाला माझ्या डाव्या कोपराचा खळगा पडलेला आहे. त्या खळग्यात दुसऱ्या कुणाचं तरी कोपर बसणार आणि मी पलीकडच्या खोलीत चर्रचर्र चिकटपट्टी ओढणार, या नुसत्या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्यात मला सगळे 'टोच्या' म्हणतात (चामड्यात भोक पाडायचं टोकदार हत्यार, हे नाव कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण ठेवणारा जाणकार होता). पॅकिंगमध्ये गेल्यावर काय म्हणतील ते मला ऐकायचं नव्हतं.

संस्थेने अभ्यासाला चौदा शब्दांची यादी धाडली. चौदाच्या चौदा भोकांचे. इंग्रज माणसाने एवढ्या भोकांचं काय केलं असेल देव जाणे, पण प्रत्येकासाठी वेगळा शब्द करून ठेवला आहे. मी आधी आमच्या चिरंजीवांना विचारलं. ते म्हणाले मोबाइलमध्ये बघून सांगतो, आणि मोबाइलमध्ये दुसरंच काहीतरी बघत बसले. (तुमचे जावई. मी काही बोलत नाही.) मग मी तुम्हाला पत्र टाकलं, आणि तुम्ही चौथ्या दिवशी उत्तर पाठवलंत. अक्षर काय, मोत्याचा सर! समास सोडलेला, आकडे घातलेले, शेवटी दुहेरी रेघ. पिअर्स: भोक पाडणे. पंच: भोक पाडणे. ड्रिल: भोक पाडणे. बोअर: भोक पाडणे. पंक्चर: भोक पाडणे किंवा पडणे. प्रिक: लहान भोक पाडणे. पर्फोरेट: भोके पाडणे. आणि अकराव्या शब्दापासून थेट खालपर्यंत: वरीलप्रमाणे.

तुमच्याविषयी मला नितांत आदर आहे, पण ती यादी वाचून मी कपाळाला हात लावला. उद्या मी तुम्हाला लिहून पाठवलं की निबंध म्हणजे लिहिणे, पत्र म्हणजे लिहिणे, कविता म्हणजे लिहिणे आणि व्याकरण वरीलप्रमाणे, तर चालेल का? अहो, इंग्रजी राहू द्या, आपल्याच घरात बघा. काटा टोचतो, तो भोसकत नाही. सुईला असतं ते नेढं, उंदराने केलेलं ते बीळ, भिंतीला पडतं ते भगदाड, आणि मोज्याला पडतं त्याला आमच्याकडे नाव नाही, नुसतं भांडण आहे. ज्याने कधी भोक पाडलेलंच नाही त्याला सगळी भोकं सारखी दिसायची, यात तुमचा दोष नाही. पण मला परीक्षकासमोर चौदा वेळा तेच वाक्य म्हणून कसं भागलं असतं? सातवीपर्यंत शिकलेला असलो तरी एवढं मला कळतं.

इथे मला आपल्या कन्येचं कौतुक करायचं आहे, आणि ते मी हात आखडता न घेता करणार आहे. ती ऑफिसातून आली, माझा चेहरा बघितला, तुमची यादी बघितली (हसली, वडिलांना हसू नये असं मी सांगितलं, मग दोघंही हसलो) आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही अर्थ पाठ करू नका. मी वाक्य वाचते, तुम्ही त्याचं हत्यार काढा." तिथून पुढे आठ दिवस संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर शाळा भरली. ती शब्दकोशातलं एकेक वाक्य वाचून समजावून सांगायची आणि मी पेटीतून हत्यार काढून टेबलावर ठेवायचो. पंच म्हणजे पोकळ तोंडाचं हत्यार: वरून मोगरीचा एक ठोका, आणि भोकातल्या चामड्याची वाटोळी चकती टपकन बाहेर. ते भोक कायमचं. पिअर्स म्हणजे टोच्या: आरपार जातो, पण बाहेर काहीच येत नाही, चामडं नुसतं बाजूला सरतं, आणि तसंच ठेवलं तर पुन्हा मिटायला बघतं. पंचला चकती पडते, पिअर्सला पडत नाही! हा शोध मी मंगळवारी लावला आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सूनबाई म्हणाली की हे शब्दकोशातसुद्धा इतकं स्पष्ट लिहिलेलं नाही. तुमच्या मुलीने हे म्हटलेलं आहे, मी पदरचं घालत नाही.

जी भोकं माझ्या पेटीत नव्हती ती बघायला मी गावभर हिंडलो. पंक्चरसाठी कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे गेलो आणि त्याला म्हटलं, बाबा रे, मला एक पंक्चर करून दाखव. तो इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, आम्ही काढतो, करत नाही. आणि जरा हळू बोला, गिऱ्हाईक बसलंय." पण चहा पाजला आणि समजावून दिलं की पंक्चर कुणी ठरवून करत नाही (निदान कबूल करत नाही), ते होतं, आणि त्यात भोकापेक्षा आतून जे निघून जातं त्याचं दुःख मोठं. पर्फोरेट मला वीजबिलाच्या खिडकीवरच्या बाईंनी दाखवलं. पावतीवर ठिपक्यांची रेघ असते, त्या रेघेवर बाई न बघता फाडतात आणि अर्धी आपल्या हातात देतात. भोकं एवढ्यासाठी पाडायची की पुढे कागदाने शहाण्यासारखं सरळ फाटावं. मी मागच्या रांगेची पर्वा न करता त्यांना तीन वेळा फाडायला लावलं.

राहिला प्रिक. त्यासाठी आमच्या गल्लीच्या टोकाला रक्त तपासायची लॅब आहे तिथे गेलो. सूनबाई बरोबर होती. लॅबवाल्या बाईंनी विचारलं काय तपासायचंय, मी म्हटलं तपासायचं काही नाही, फक्त बघायचंय. त्या म्हणाल्या, बघायला बोट लागतं, द्या. दिलं! ताठ बसलो, बोट पुढे केलं, पापणी लवू दिली नाही. मुंगी चावावी तेवढं झालं, रक्ताचा एक थेंब आला आणि संपलं. इतक्या सफाईने पाडलेलं भोक मी जन्मात बघितलेलं नाही, आणि तसं मी बाईंना कारागीर म्हणून प्रांजळपणे सांगितलं. त्यांना आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. त्या खूश झाल्या आणि बोट दिलंच आहे तर साखरही बघून टाकते म्हणाल्या. उत्तम निघाली. कागदावर छापून आलेली उत्तम आहे, हव्या असल्यास प्रत पाठवतो.

एवढं ज्ञान डोक्यात मावेना, म्हणून मी ते चामड्यावर उतरवलं. हातभर लांबीची पट्टी कापली, कडा घासून मेण लावलं आणि ओळीने चौदा भोकं पाडली, ज्याचं त्याच्या हत्याराने, ज्याचं त्याच्या स्वभावाने. प्रत्येकाखाली सूनबाईने सुबक इंग्रजी अक्षरात त्याचा शब्द लिहिला (हात तुमचाच, वळण तेच). पंक्चरसाठी मधे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा शिवला. स्टॅबला, म्हणजे भोसकण्याला, मात्र अडलं. त्याला मनापासून राग लागतो आणि मला तो काही केल्या येईना. शेवटी चिरंजीवांना समोर बसवलं आणि म्हटलं, मोबाइल बघ. एका फटक्यात झालं.

आता माझ्या हातून जी चूक झाली ती सांगतो, आणि अभिमानाने सांगतो, कारण अशी चूक करायलाही हात तयार लागतो. शिलाईची रेघ आखायला आमच्याकडे दात्यांचं एक छोटं चाक असतं. ते फिरवलं की ठिपक्याला ठिपका लागून रेघ उमटते. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी टेबलावर कोरा कागद ठेवून पर्फोरेटचा सराव केला. चांगला जोर देऊन, एकाच रेघेवर अकरा वेळा. कागद असा फाटला की मी एकटाच वाहवा म्हणालो. त्या कागदाखाली आणखी एक कागद होता. तो मी उचलला, चार घड्या करून खिशात घातला आणि झोपलो. तो माझा परीक्षेचा प्रवेशपत्राचा कागद होता.

सकाळी संस्थेच्या फाटकावर पहारेकऱ्याने तो उलगडला, मधोमध ठिपक्यांची रेघ बघितली आणि त्याच्या जागी कुणीही जे केलं असतं तेच केलं. टर्रकन फाडला. वरचा अर्धा भाग समोरच्या कुलूपबंद पेटीत टाकला, खालचा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, पुढे. फाटला इतका सरळ की मला आधी ऊर भरून आला आणि मग घाम फुटला. कारण वरच्या भागावर माझं नाव आणि फोटो होता. माझ्या हातातल्या भागावर फक्त सूचना होत्या, आणि त्यातली पहिली अशी: नाव व फोटो नसलेले प्रवेशपत्र ग्राह्य धरले जाणार नाही.

परीक्षक टेबलामागे बसले होते. चाळिशीतला गंभीर गृहस्थ, कपाळावर चष्मा, पुढ्यात शिक्के. त्यांनी माझा अर्धा कागद वाचला आणि शांतपणे दाराकडे बोट केलं. मी सांगून बघितलं, हात जोडून बघितलं. ते म्हणाले हा कागद कुणाचाही असू शकतो, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी! माझ्या डोळ्यांपुढे तो कोपराचा खळगा आला. पाय काही बाहेर पडेनात. मी पिशवीतून पट्टी काढली, त्यांच्या टेबलावर उलगडली आणि पर्फोरेटवर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताने दात्यांचं चाक काढलं, त्यांच्याच टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, रेघ मारली आणि टर्रकन फाडून दोन्ही भाग जुळवून दाखवले. एका रेघेचे दोन काठ एकमेकांनाच बसतात, साहेब, तिसऱ्याला बसत नाहीत. पेटी मागवा. त्यांनी दोन्ही काठ स्वतः जुळवून बघितले आणि पेटी मागवली. पहारेकऱ्याने कुलूप काढलं, वरचा भाग शोधला, मी खालचा लावला. दाताला दात बसला. वर फोटोत मी, खाली सूचना.

त्यानंतरची परीक्षा म्हणजे नुसता पोरखेळ. त्यांनी विचारलं, पंच आणि पिअर्स यांत फरक काय? मी म्हटलं, पंच, चकती. पिअर्स, नो चकती. एवढ्या थोड्या शब्दांत एवढं इंग्रजी त्यांनी बहुधा ऐकलं नसावं. एकेक शब्द त्यांनी म्हणायचा, मी पट्टीवरचं भोक दाखवायचं आणि ते कसं पडलं ते हाताने करून दाखवायचं. स्टॅबला ते खुर्चीसकट मागे सरले.

शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं (खोचकपणे नव्हे, खरंच कुतूहल म्हणून), की छत्तीस वर्षं भोकं पाडून माणसाला काय येतं? मी म्हटलं, साहेब, मला ती वाचता येतात. आणि त्यांचाच पट्टा वाचून दाखवला. पट्ट्याला पाच भोकं असतात, टोकाकडून मोजायची. चांगल्या मापाच्या माणसाचं मधलं, तिसरं. तुमचं चौथं भोक ओढून लांबट झालेलं आहे आणि त्याच्यावर बकलाचा जुना वळ आहे. आज बकल दुसऱ्या भोकात आहे आणि तिथला वळ अजून कोवळा आहे. म्हणजे तुम्ही पुष्कळ वर्षं सडपातळ होता आणि वर्षभरात दोन इंच सुटलात. पूर्वी तुमचं काम उभ्याने होतं, आता ते खुर्चीत बसून आहे. त्यांनी टेबलाखाली बघितलं, पोट आत घेतलं आणि तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी ठेवलं. गेल्या वर्षीपर्यंत ते मशीनवर मुलांना शिकवायचे; आता परीक्षक झालेत. हेडसर, माणसाला विचारलं तर तो उत्तम म्हणतो. पट्टा म्हणत नाही.

चौदापैकी बारा मिळाले. दाखला घेऊन मी कारखान्यात शिरलो तेव्हा सगळी शिलाई थांबली होती. व्यवस्थापकांनी स्वतः उठून हात मिळवला, पॅकिंगमधून चिकटपट्टी मागवली आणि दाखला माझ्या खिडकीशेजारी भिंतीवर चिकटवला. चिकटपट्टीशी माझा संबंध आला तो एवढाच. पट्टीचंही भाग्य उजळलं: नव्या लोकांना शिकवायला ती आता बाकावर टांगलेली असते, आणि कुणी भोक पाडणे असं मोघम बोललं तर मी त्याला विचारतो, कुठलं? माझं कोपर त्याच्या खळग्यात आहे. छाती थोडी पुढे आलेली आहे, ती काही दिवसांनी जाईल असं सूनबाई म्हणते. जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

आणखी काय लिहू? तुमच्या यादीचा राग मानलेला नाही, उलट ती जपून ठेवली आहे. मुख्य काम चालू आहे. घरी सगळ्यांना यथायोग्य सांगावं.

आपला व्याही,
टोच्या

ता. क. दोन मार्क कुठे गेले हे तुम्ही मास्तर असल्यामुळे विचारणारच. बारावा आणि तेरावा शब्द. त्या दोन्हींना मी पट्टी न बघता तुमचं उत्तर दिलं: वरीलप्रमाणे.

आणखी ता. क. लॅबविषयी वर जे लिहिलं त्यात थोडी दुरुस्ती. ताठ बसलो हे खरं. पापणी लवली नाही हेही खरं, कारण दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते. सूनबाईचा हात मी असा धरला होता की तिच्या मनगटावर माझी चार बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत होती. उठायला गेलो आणि पुन्हा बसलो. बाईंनी पाणी पाजलं, पंख्याखाली पाच मिनिटं निजवलं. सफाईचं कौतुक मी केलं ते आडवा पडून. जन्मभर टोचत आलेल्या माणसाला टोचून घ्यायची एवढी भीती, याची लाज मला वाटायची ती वाटून झाली. तेव्हा सूनबाईने मला धीर द्यायला तुमची गोष्ट सांगितली: शाळेत लस टोचायला माणसं आली त्या दिवशी तुम्ही साडेतीनशे मुलांना शिस्तीत रांगेत उभं केलंत आणि स्वतः प्रयोगशाळेच्या मागच्या दाराने घरी निघून गेलात. मी हसलो नाही. मला तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा जवळचे वाटलात.

शेवटचं ता. क., आणि पत्र खरं यासाठी आहे. मागच्या महिन्यात तुम्ही दोन दिवस आमच्याकडे आलात तेव्हा तुमचा पट्टा न्हाणीघरात खुंटीला टांगलेला होता. पहिल्या भेटीनंतर मीच करून दिलेला. पाच भोकं, तुमचं तिसरं, अगदी मापात. त्याला आता सात आहेत. बकलाकडची दोन माझी नाहीत. ती कर्कटकाच्या टोकाने पाडलेली आहेत, फिरवून फिरवून, कडा फाटेपर्यंत, कुणाला दाखवायची नाहीत म्हणून घरातच. बकलाचा वळ सातव्यावर आहे. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत म्हणजे तुम्ही चार इंच आटलात, हेडसर. मी तो पट्टा हातात घेऊन इतका वेळ उभा होतो की बाहेरून चिरंजीवांनी दार वाजवलं. सूनबाईला मी सांगितलेलं नाही. पण रविवारी फोन ठेवून ती उत्तम म्हणते तेव्हा हल्ली तिचे डोळे भरलेले असतात. मला काळजी वाटते. भीती वाटते असंच लिहितो.

येत्या गुरुवारी पहिल्या गाडीने मी तुमच्याकडे येतो. तुमच्या चौकातली लॅब आठला उघडते, चौकशी केलेली आहे. काही न खाता तयार राहा, आणि मागच्या दाराशी मी उभा असेन हे ध्यानात ठेवा. खुर्चीत तुम्ही बसा, डोळे हवे तेवढे मिटा, हात माझा धरा. त्याची कातडी जाड आहे, कितीही दाबा. जे काही निघेल ते निघेल, त्याला नाव मिळेल, नाव मिळालं की औषध मिळेल. तीन महिने आपण त्याला नुसतं वरीलप्रमाणे म्हणतो आहोत.

सोबतच्या पुडक्यात नवा पट्टा आहे. त्याला एकही भोक नाही. छत्तीस वर्षांत माझ्या हातून बिनभोकाचा पट्टा बाहेर गेलेला नाही, हा पहिला. हत्यारं मी बरोबर आणतो. लॅबमधून घरी आलो की तुमच्या आजच्या मापाचं भोक पाडू, जिथे येईल तिथे, लपवायचं काही नाही. पुढची तुम्ही सुधाराल तशी एकेक करून. पट्ट्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीची बारीक खूण दिसेल. ते तुमचं जुनं तिसरं. तिथपर्यंत तुम्हाला परत आणायचं आहे, आणि ते भोक मी चकती काढून पाडणार आहे.